म्युझिक लेबल काढा जरूर, पण आधी करार मराठीत लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे एक लेख आला होता, घरबसल्या स्वतःचं म्युझिक लेबल, म्हणजे कलाकारांचं संगीत काढणारी छोटी कंपनी, कसं सुरू करायचं आणि त्यातून कमाई कशी करायची याच्यावर. तो वाचून आमच्याकडे दापोलीच्या, लांज्याच्या, देवगडच्या पोरांचे फोन यायला लागले की दादा आम्हालाही लेबल काढायचंय, काय काय लागतं ते सांगा ना. फोनवर प्रत्येकाला सगळं सांगणं होत नाही म्हणून हे पत्र. लेखात लोगो कसा करायचा, यूट्यूब चॅनल कसं वाढवायचं, गाणी सगळ्या अ‍ॅपवर पोचवणारा डिस्ट्रिब्युटर कसा शोधायचा हे सगळं व्यवस्थित होतं, पण कलाकाराशी लिहून काय घ्यायचं आणि त्याचे पैसे त्याला कधी आणि कुठल्या हिशोबाने द्यायचे यावर एक ओळसुद्धा नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की लेबल म्हणजे मुळात तेवढंच असतं. गाणं अपलोड करायला आता लेबल लागत नाही, कलाकार स्वतः दहा मिनिटांत करतो.

आम्ही तिघं मित्र गुहागर तालुक्यात एक छोटं इलेक्ट्रॉनिक म्युझिकचं लेबल चालवतो. टेक्नो, डब, अँबियंट असलं काहीतरी, बहुतेक बिनशब्दांचं, जे लग्नाच्या हॉलमध्ये वाजत नाही आणि रीलवरही फारसं चालत नाही. आता इलेक्ट्रॉनिक म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर विसर्जनाची डॉल्बी उभी राहते, त्यामुळे हेही सांगून टाकतो की गणपतीच्या दिवसांत तुमच्या पत्रांच्या पानावर त्या स्पीकरच्या भिंतींविरुद्ध जी पत्रं येतात ती मला पूर्ण पटतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल हा नियम 2000 सालापासून आहे आणि तो पाळायलाच पाहिजे. आमचे ऐकण्याचे कार्यक्रम दुपारी चारला सुरू होतात, दिवेलागणीला संपतात, आणि आवाज इतकाच असतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येतं. गावातली म्हातारी माणसंसुद्धा येऊन बसतात, चहा घेतात, कुणी मध्येच उठून जातं, काही बिघडत नाही.

तर करार. गेल्या पावसाळ्यात एका पोराने मला त्याला आलेला करार पाठवला, कंपनीचं नाव लिहीत नाही. इंग्रजीत बारा-चौदा पानं, त्याला त्यातलं अर्धंही कळलेलं नव्हतं, आणि सही करायला दोन दिवसांची मुदत. त्यात लिहिलेलं की ट्रॅकचे सगळे हक्क, संपूर्ण जगात, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी कंपनीचे. बदल्यात काय, तर 'प्रमोशन'. पोरगं हुशार आहे, रात्र रात्र हेडफोन घालून काम करतं, त्याच्या बेसलाइन, म्हणजे खालच्या सुरांच्या चाली, ऐकल्या तर तुम्हाला कळेल की याने कुणाची नक्कल केलेली नाही, आणि असल्या पोराचं सगळं काम एका सहीत जाणार होतं. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांनी आंब्याची बाग खंडाने दिली तर घेणारा सीझन संपल्यावर जमिनीचा मालक होतो का? नाही ना होत, मग ट्रॅकचं पण तसंच लिहून घे. त्याने सही केली नाही.

कायदा या बाबतीत कलाकाराच्या बाजूचा आहे आणि हे फार कमी जणांना माहीत असतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कुठल्या प्रदेशापुरते ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारतापुरते. आणि घेणाऱ्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणूनच त्या बारा-चौदा पानांत 'वेगळं काही' अगदी आठवणीने लिहिलेलं असतं. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनी लिहून घेऊच शकत नाही, लिहून घेतला तरी तो टिकत नाही. आणि नुसतं वाजवणाऱ्या, गाणाऱ्या माणसालाही परफॉर्मर म्हणून स्वतःचा हक्क आहे, 50 वर्षांचा. हा शेवटचा मुद्दा कोकणात फार महत्त्वाचा आहे, कारण आता जो तो नमन आणि जाखडी या इथल्या लोककलांच्या रेकॉर्डिंगचे तुकडे कापून सॅम्पल म्हणून वापरतोय. चाल पिढ्यानपिढ्यांची असेल, ती कुणा एकाची नसेल, पण त्या दिवशी त्या माणसाने जे वाजवलं ते त्याचं आहे.

आमच्या एका रिलीजसाठी आम्ही नमनातल्या मृदंगाचं रेकॉर्डिंग केलं होतं. वादक सत्तरीच्या पुढचे, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांच्याच पडवीत दोन माइक लावले, एक उजव्या पुडीवर, एक डाव्या, पंखा बंद केला, कोंबड्या मागच्या अंगणात घातल्या. काकांनी ओली कणीक घेतली आणि डाव्या पुडीवर थापायला लागले, थोडी थापायची, हाताने वाजवून बघायचं, परत चिमूटभर काढायची, परत वाजवून बघायचं, असं बराच वेळ. मी लॅपटॉपवर बघत होतो, पहिल्यांदा आवाज वरच होता आणि मग प्रत्येक चिमटीबरोबर हळूहळू खाली खाली येत 70-80 हर्ट्झला येऊन बसला, म्हणजे जिथे टेक्नोचा किक ड्रम, ठेक्याचा तो जाड ठोका, बसतो अगदी तिथेच. आवाजाच्या ज्या खोलपणासाठी लोक हजारो रुपयांचे प्लगइन, म्हणजे आवाज घडवायची सॉफ्टवेअरं, घेतात तो काकांनी पिठाच्या गोळ्याने आणि कानाने आणली. मी त्यांना ते स्क्रीनवर दाखवलं तर म्हणाले, आमच्या बापाने असंच शिकवलंय, त्याला बघायला काय लागत नाय.

वाजवता वाजवता त्यांनी एक ठेका वाजवला आणि मध्येच हात थांबवला. म्हणाले, हा तेवढा नको घेऊस बाळा, हा पालखीचा हाय. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या गावातल्या चौथऱ्यावर, येते तेव्हाच तो वाजतो, एरवी नाही. रेकॉर्डिंग चालूच होतं, म्हणजे तो ठेका कार्डवर आलेला होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसातलं सगळ्यात जबरदस्त वादन तेच होतं. आम्ही त्यांच्यासमोरच ती फाइल उडवली, त्यांच्या नातवाला दाखवून. पुढे परदेशातल्या एका प्रोड्युसरने, म्हणजे असलं संगीत बनवणाऱ्याने, ज्याला आमचा तो रिलीज आवडला होता, असलं 'देवळातलं' काही असेल तर चांगले पैसे देतो म्हणून विचारलं. नाही म्हणून कळवलं. लेबलकडे कायकाय आहे त्याच्यापेक्षा लेबलने काय घेतलं नाही यावरून त्याची किंमत ठरते असं मी मानतो.

मग करार वाचून दाखवायची वेळ आली. आमचा करार मराठीत असतो, दीड पान, आणि आम्ही तो मोठ्याने वाचून दाखवतो, मग कलाकार एमबीए झालेला का असेना. काकांनी सगळं ऐकून घेतलं, पाच वर्षांची मुदत, अर्धा वाटा, वर्षातून दोनदा हिशोब, आणि मग विचारलं, माजं नाव कुटं छापणार? आम्ही नाव आत, क्रेडिटमध्ये लिहायचं ठरवलेलं होतं. ते म्हणाले, आत नको, भायेर पायजे. बाहेर म्हणजे कव्हरवर. करारात पेनाने ओळ वाढवली, दोघांनी सह्या केल्या, आणि कव्हरवर प्रोड्युसरच्या नावाच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरात काकांचं नाव आहे. प्रोड्युसर पोरगा याच्यावर खूश होता हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं की तरुण पोरांना श्रेय वाटून घ्यायला नको असतं.

हिशोब आम्ही शिमग्याला आणि गणपतीला करतो. त्या दोन वेळेला चाकरमानी गावी आलेले असतात, कलाकार पुण्या-मुंबईत असला तरी भेटतो, समोर बसून कागद दाखवता येतो. आकडे लपवण्यासारखे नाहीतच, ते इथेही लिहितो. समजा एक अल्बम बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांचं संगीत थेट विकणाऱ्या वेबसाइटवर, 300 रुपयांना विकला. बँडकॅम्प डिजिटलवर 15 टक्के घेतं, म्हणजे 45 गेले, वर पेमेंटचे चार्जेस, डॉलरचं रुपयात होताना थोडं जातं, हातात 235-240 येतात. त्यातून आधी मास्टरिंगचा (ट्रॅकचा आवाज शेवटी नीट बसवण्याचा) आणि कव्हरचा खर्च वळता होतो, तो किती ते बिलासकट कलाकाराला आधीच दाखवलेलं असतं, आणि खर्च भरून निघाला की निम्मं त्याचं निम्मं आमचं. आमच्या निम्म्यातून पुढचा रिलीज निघतो. तिघांपैकी कुणीही यातून पगार घेत नाही, एक शाळेत शिक्षक आहे, एकाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, माझी आंब्याची कलमं आहेत. कॅसेटसुद्धा काढतो, पन्नासेक प्रती, घरीच डेकवर एकेक करून भरतो, ओळखीची गिऱ्हाइकं थेट यूपीआय करतात आणि एसटीने पार्सल जातं. पावसात कॅसेट आणि मशीन सांभाळणं हे एक वेगळंच काम आहे, जॅकला गंज चढतो, टेपला बुरशी धरते, जूनच्या आधी सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावं लागतं.

स्ट्रीमिंगचं म्हणाल तर, एखाद्या ट्रॅकला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर स्पॉटिफाय 2024 पासून त्या ट्रॅकचे पैसेच देत नाही. आमच्यासारख्यांचे कितीतरी ट्रॅक त्या रेषेच्या खालीच राहतात. आणि ही रेष आली तसे मेसेज पण सुरू झाले, अमुक रुपये द्या, दहा हजार स्ट्रीम करून देतो, प्लेलिस्टमध्ये घालतो. ते बॉट असतात, माणसं नसतात. पकडलं गेलं तर दंड लागतो, ट्रॅक उतरवला जातो, ते तर आहेच, पण समजा नाहीच पकडलं गेलं, तरी कलाकाराला आपण काय सांगणार, की तुझं दहा हजार जणांनी ऐकलं? तो बिचारा त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढचं काम करणार. मला फोन करणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच सांगतो की साठ माणसांनी ऐकलं असेल तर साठच सांग, त्यातल्या दहा जणांनी तुला मेसेज केला असेल तर ते दहा जण पुढची दहा वर्षं तुझ्याबरोबर राहतील.

मास्टरिंगमध्येपण हाच दबाव असतो, आवाज चढवा, आवाज चढवा. स्पॉटिफायवर सगळ्यांचं संगीत वजा 14 लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आसपास आणून एकसारखं वाजवतात, त्यामुळे चेपून चेपून मोठा केलेला ट्रॅक तिथे गेल्यावर काही मोठा वाजत नाही, उलट त्यातला श्वास गेलेला असतो तो गेलेलाच राहतो. कलाकाराने शांत भाग शांत ठेवलाय तर तो तसाच बाहेर आला पाहिजे. यावर आमचं एका डिस्ट्रिब्युटरशी वाजलं आणि आम्ही त्यांच्याकडून निघालो.

असं चालवणारे आम्ही पहिले नाही. अमेरिकेत डेट्रॉईटमध्ये माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी साधारण 1990 च्या सुमारास अंडरग्राउंड रेझिस्टन्स हे लेबल सुरू केलं, चेहरे झाकून फोटो काढायचे, स्वतःचं डिस्ट्रिब्युशन उभं केलं, मोठ्या कंपन्यांच्या दारात गेले नाहीत. 1999 मध्ये त्यांच्या एका ट्रॅकची हुबेहूब आवृत्ती सोनीच्या जर्मनीतल्या शाखेने परवानगीशिवाय काढली तेव्हा जगभरातल्या ऐकणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की सोनीला माघार घ्यावी लागली. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने तर लिहूनच दिलेलं होतं की संगीत कलाकारांचं, कंपनीचं काही नाही. 1992 मध्ये फॅक्टरी बुडाली, विकत घ्यायला मोठी कंपनी आली आणि बघते तर विकण्यासारखं फॅक्टरीकडे काहीच नव्हतं, सगळं संगीत कलाकारांच्या मालकीचं. मला त्यांची ही गोष्ट फार आवडते, पण ते बुडाले ते बेहिशोबी खर्चामुळे, हेसुद्धा पोरांना सांगितलं पाहिजे. नुसतं मन मोठं असून चालत नाही, वही रोज लिहावी लागते.

आणि आपल्या मुंबईचंच उदाहरण आहे. चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे. त्यांनी 1982 मध्ये रोलंड या जपानी कंपनीची तीन वाजवायची इलेक्ट्रॉनिक मशीनं, त्यातलं टीबी-303 आणि टीआर-808 ही नंतर जगभर गाजलेली, एकत्र जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली आणि ती फारशी कुणी घेतली नाही. शिकागोच्या पोरांनी 303 वरून अ‍ॅसिड हाउस हे नाचायचं संगीत काढलं ते त्यानंतर काही वर्षांनी. चरणजीत सिंगांची रेकॉर्ड परत आली ती 2010 मध्ये, एका डच माणसाच्या छोट्याशा लेबलमुळे, त्याने ती शोधली, घरी जाऊन त्यांना भेटला, परत छापली, आणि मग सत्तरीतल्या या माणसाने युरोपात जाऊन कार्यक्रम केले. 2015 मध्ये ते गेले. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, 1969 मध्ये मूग नावाचा सिंथेसायझर, विजेवर सूर काढणारं वाद्य, आला होता, तिथे आपल्या लोकांनी इलेक्ट्रॉनिक संगीत केलं, त्या टेप्स पन्नासेक वर्षं पडून होत्या आणि अल्बम म्हणून लोकांसमोर आल्या 2023 मध्ये. म्हणजे हे परक्यांचं खूळ आहे, आपलं नाही, असं जे म्हणतात त्यांना काही माहीत नसतं.

सांभाळून ठेवणं हेसुद्धा म्हणूनच लेबलचं काम धरा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमच्या एका मित्राच्या घरातल्या जाखडीच्या जुन्या कॅसेट, शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सामने, त्याच्या वडिलांनी सामन्याला जाऊन स्वतः टेप केलेले, सगळं चिखलात गेलं. आम्ही त्यातल्या काही धुऊन, टेप नव्या खोक्यात भरून, एकेक वाजवून उतरवून घेतल्या. बऱ्याच गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून आमच्या प्रत्येक रिलीजची मूळ फाइल तीन ठिकाणी असते, एक माझ्याकडे, एक पुण्याला मित्राच्या बहिणीकडे, आणि एक कलाकाराकडे, आणि कलाकाराला मूळ फाइल द्यायचीच हेही करारात आहे. मुदत संपली की हक्क तर परत जातातच, पण फाइल लेबलकडे अडकून राहिली तर नुसता हक्क घेऊन तो काय करणार?

लेख लिहिणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी पोरांना उत्साह दिला हे चांगलंच केलं. फक्त पुढच्या वेळी करारावर लिहा, वकिलाला विचारून लिहा. आणि नमन मंडळं, जाखडीचे शाहीर, बेंजो पार्टीवाले यांच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे, कारण यूट्यूब चॅनलवाले कॅमेरा घेऊन आता त्यांच्याच दारात जातायत, पाच हजार हातावर ठेवतात आणि मोबाइलवर सही घेतात. निदान मुदत किती आणि नाव कुठे एवढे दोन प्रश्न तरी त्यांनी सही करायच्या आधी विचारावेत.

पत्रासोबत आमच्या कराराचा कोरा नमुना जोडलाय, दीड पान आहे. जागा असेल तर छापा. ज्याला वापरायचा असेल त्याने आमचं नाव काढून स्वतःचं घालावं आणि तसाच्या तसा वापरावा, विचारायची गरज नाही.

आपला,
एक लेबलवाला
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(कृपया नाव छापू नये)